होरेस ग्रीली : वृत्तपत्रीय प्रभाव आणि राजकीय सत्ताकांक्षा – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत वृत्तपत्रे आणि राजकीय पक्ष यांचे नाते अतिशय निकटचे होते. बहुतेक वृत्तपत्रे कोणत्या ना कोणत्या पक्षाची मुखपत्रे म्हणून ओळखली जात. पक्षाच्या वर्गणीवर व सरकारी छपाईच्या कामांवर त्यांचा निर्वाह चाले आणि संपादकाला पक्षसेवेचा मोबदला एखाद्या शासकीय पदाच्या रूपाने मिळे. या परंपरेत वाढूनही तिच्यापासून काहीसा वेगळा मार्ग चोखाळणारा संपादक म्हणून ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संस्थापक होरेस ग्रीली (१८११–१८७२) यांचा उल्लेख करावा लागतो. सुमारे तीस वर्षे त्यांनी उत्तर अमेरिकेतील लोकमत घडविले. गुलामगिरीच्या प्रश्नावर त्यांनी प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांना जाहीर जाब विचारला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी ते स्वतः राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि दारुण पराभूत झाले. मतदानानंतर अवघ्या चोवीस दिवसांत त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकांना अब्राहम लिंकन सुपरिचित आहेत. ग्रीली मात्र तुलनेने अपरिचित राहिले आहेत. तथापि त्यांच्या वृत्तपत्राचा भारताशी आणि त्यांच्या कालखंडाचा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशी काही संबंध निश्चितपणे आहे. त्याचा निर्देश पुढे योग्य ठिकाणी केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) होरेस ग्रीली यांच्या जडणघडणीचा व ‘ट्रिब्यून’च्या उभारणीचा आढावा घेणे.
२) त्यांच्या वृत्तपत्रीय प्रभावाची कारणे शोधणे व त्यांच्या राजकीय अपयशाशी त्यांची तुलना करणे.
३) गुलामगिरीविरोधी भूमिकेपासून १८७२ च्या निवडणुकीपर्यंत त्यांच्या विचारांत झालेल्या स्थित्यंतराची चिकित्सा करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

जडणघडण : छापखान्यातील उमेदवारी

ग्रीली यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८११ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील अॅमहर्स्ट या गावाजवळ एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांची शेती कर्जात बुडाली. कर्ज न फेडणाऱ्यास त्या काळी तुरुंगवास घडत असे. त्यामुळे वडिलांना गाव सोडावे लागले व कुटुंब व्हर्मांट राज्यात जाऊन मोलमजुरी करू लागले. कर्ज आणि बेघर होण्याचे भय ग्रीलींनी नवव्या-दहाव्या वर्षीच अनुभवले. पुढे गरिबांना सार्वजनिक जमीन मिळावी म्हणून त्यांनी जो आग्रह धरला, त्याचे मूळ या अनुभवात आहे, असे म्हणता येते.

औपचारिक शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही, परंतु वाचनाची आवड विलक्षण होती. १८२६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, व्हर्मांटमधील ईस्ट पोल्टनी या गावी ‘नॉर्दर्न स्पेक्टेटर’ या वृत्तपत्राच्या छापखान्यात ते उमेदवारी करू लागले. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, बातम्यांचे संक्षेप करणे ही सर्व कामे ते तेथे शिकले. १८३० मध्ये ते वृत्तपत्र बंद पडले. ऑगस्ट १८३१ मध्ये सुमारे दहा डॉलर खिशात आणि थोडे कपडे गाठोड्यात घेऊन ते न्यूयॉर्क शहरात दाखल झाले व खिळे जुळारी म्हणून काम करू लागले. लेखणी हाती घेण्यापूर्वी वृत्तपत्राची प्रत्येक ओळ स्वहस्ते जुळविलेला असा हा संपादक होता. १८५० मध्ये न्यूयॉर्कच्या मुद्रण कामगारांनी आपली संघटना स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांनी ग्रीलींचीच निवड केली. त्या वेळी ग्रीली स्वतः एका मोठ्या छापखान्याचे मालक होते, ही बाब लक्षणीय आहे.

स्वतंत्र व्यवसायाचे त्यांचे पहिले प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. १८३३ मध्ये भागीदारीत छापलेले स्वस्त दैनिक काही आठवड्यांतच बंद पडले. १८३४ मध्ये सुरू केलेले ‘न्यूयॉर्कर’ हे साहित्यिक साप्ताहिक वाचकप्रिय झाले. पण १८३७ च्या आर्थिक मंदीत वर्गणीदारांनी पैसे थकविले आणि ग्रीली कर्जबाजारी झाले. येथेच त्यांचा राजकारणाशी संबंध आला. व्हिग पक्षाचे न्यूयॉर्कमधील सूत्रधार थर्लो वीड यांनी १८३८ मध्ये त्यांच्याकडे पक्षाच्या प्रचारपत्राचे काम सोपविले. वीड, विल्यम सेवर्ड आणि ग्रीली या त्रयीचा प्रारंभ असा झाला. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या प्रचारार्थ ग्रीलींनी ‘लॉग कॅबिन’ हे साप्ताहिक चालविले. त्याचा खप ऐंशी हजारांच्या घरात गेला. हॅरिसन निवडून आले, वीड यांचे वजन वाढले, सेवर्ड आधीच गव्हर्नर होते. ग्रीलींना मात्र कोणतेही पद मिळाले नाही. त्यांनी ते उघडपणे मागितलेही नाही. परंतु ही सल त्यांच्या मनात राहिली.

‘ट्रिब्यून’ची उभारणी

१० एप्रिल १८४१ रोजी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा पहिला अंक निघाला. अध्यक्ष हॅरिसन यांचे पदग्रहणानंतर महिनाभरातच निधन झाले होते आणि त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यांची शोकयात्रा निघाली होती. उसन्या घेतलेल्या एक हजार डॉलरच्या आधारावर हे दैनिक सुरू झाले. किंमत एक सेंट होती. पहिल्या अंकाच्या पाच हजार प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक फुकट वाटाव्या लागल्या. त्याच वर्षी टॉमस मॅकएलरथ हे व्यवहारदक्ष भागीदार मिळाल्याने हिशेबाची बाजू सावरली गेली. ग्रीलींना पैशाचा व्यवहार कधीच नीट जमला नाही. मागेल त्याला उसने देण्याची सवय त्यांना अखेरपर्यंत होती.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ व ‘हेरल्ड’ ही एक-दोन सेंटांची दैनिके लोकप्रिय होती. खून, खटले आणि कुलंगडी हा त्यांच्या मजकुराचा मोठा भाग असे. कष्टकरी वर्गाला परवडेल अशा किमतीत गंभीर मजकूर देता येईल, ही ‘ट्रिब्यून’ची भूमिका होती. पोलीस न्यायालयातील चटकदार वृत्ते व अश्लाघ्य जाहिराती टाळण्याचे धोरण त्यांनी आरंभीच जाहीर केले. सप्टेंबर १८४१ पासून साप्ताहिक आवृत्ती सुरू झाली. ‘ट्रिब्यून’चे खरे सामर्थ्य या साप्ताहिकात होते. टपालाने ते ओहायो, इलिनॉय, आयोवा अशा दूरच्या राज्यांतील शेतकऱ्यांच्या घरी पोहोचे व सामुदायिकरीत्या वाचले जाई. १८६० च्या सुमारास त्याचा खप दोन लाखांच्या आसपास होता.

ग्रीलींची दुसरी मोठी कामगिरी म्हणजे त्यांनी जमविलेले सहकारी. हेन्री रेमंड यांनी उमेदवारीचा काळ त्यांच्या हाताखाली काढला व पुढे १८५१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची स्थापना केली. १८४४ मध्ये मार्गारेट फुलर यांना त्यांनी साहित्य-समीक्षक म्हणून नेमले. एका स्त्रीला प्रमुख दैनिकात असे स्थान मिळणे हे त्या काळात अपवादात्मक होते. जॉर्ज रिप्ली, चार्ल्स डाना, प्रवासलेखक बेयार्ड टेलर ही नावेही याच परंपरेतील आहेत. १८४९ मध्ये ग्रीली व मॅकएलरथ यांनी वृत्तपत्राचे रूपांतर भागभांडवली संस्थेत केले आणि सहकाऱ्यांना त्यात भाग दिले. श्रमणाऱ्यांना मालकीत वाटा असावा, या तत्त्वाशी सुसंगत असा हा निर्णय होता. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, ग्रीलींच्या हाती उरलेले भाग वर्षानुवर्षे विकले जाऊन कमी होत गेले. जे वृत्तपत्र सारा देश ‘ग्रीलींचे’ म्हणून ओळखत होता, त्यातील त्यांची मालकी अखेरीस अत्यल्प राहिली.

‘ट्रिब्यून’ आणि भारत

लंडनमध्ये निर्वासिताचे जीवन जगणारे कार्ल मार्क्स हे ‘ट्रिब्यून’चे युरोपीय वार्ताहर होते. डाना यांच्या आमंत्रणावरून १८५१ मध्ये सुरू झालेला हा संबंध १८६२ पर्यंत टिकला. भारतातील ब्रिटिश सत्तेविषयीचे मार्क्स यांचे बहुचर्चित लेख १८५३ च्या जून ते ऑगस्ट या काळात ‘ट्रिब्यून’मध्येच प्रथम प्रसिद्ध झाले. ग्रामीण हस्तोद्योगांचा ऱ्हास, रेल्वेचे संभाव्य परिणाम आणि इंग्रजी राजवटीचे दुहेरी स्वरूप यांची चर्चा अशा रीतीने अमेरिकन शेतकऱ्यांच्या वृत्तपत्रात झाली. १८५७ च्या उठावावरही मार्क्स व एंगल्स यांचे लेख याच वृत्तपत्रात आले. ग्रीली स्वतः मार्क्सवादी नव्हते. फ्रेंच विचारवंत शार्ल फूरिये यांच्या सहकारी वसाहतींच्या कल्पनेचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि वर्गसंघर्षापेक्षा वर्गसमन्वयावर त्यांची श्रद्धा होती. आपल्याला न पटणाऱ्या विचारालाही जागा देण्याचे औदार्य मात्र त्यांच्या संपादकीय धोरणात होते.

सत्तेची पहिली चव : प्रवासभत्त्याचे प्रकरण

ग्रीलींना आयुष्यात एकच निर्वाचित राष्ट्रीय पद मिळाले आणि तेही तीन महिन्यांपुरते. प्रतिनिधिगृहातील एक रिक्त जागा भरण्यासाठी त्यांची निवड झाली. ४ डिसेंबर १८४८ ते ३ मार्च १८४९ असा त्यांचा कार्यकाळ होता. या अल्पावधीत सार्वजनिक जमिनी प्रत्यक्ष कसणाऱ्यांना मिळाव्यात, असे विधेयक त्यांनी मांडले. ते मंजूर झाले नाही. त्याच तत्त्वावरील कायदा १८६२ मध्ये झाला.

त्यांचे नाव गाजले ते वेगळ्याच कारणाने. सदस्यांना राजधानीपर्यंतच्या प्रवासासाठी दर वीस मैलांस आठ डॉलर भत्ता मिळे. हे अंतर ‘नेहमीच्या मार्गाने’ मोजावे, असा नियम होता. रेल्वे व आगबोटींमुळे प्रवास सुकर झाला तरी सदस्य लांबच्या वळणाचा मार्ग दाखवून भत्ता उचलत. ग्रीलींनी टपाल खात्याच्या अंतर-कोष्टकाशी प्रत्येक सदस्याचे देयक ताडून पाहिले आणि डिसेंबर १८४८ मध्ये संपूर्ण यादी नावानिशी ‘ट्रिब्यून’मध्ये छापली. त्या यादीत इलिनॉयचे एक तरुण सदस्यही होते. त्यांनी सुमारे ६७७ डॉलर अधिक घेतल्याचे दिसत होते. त्यांचे नाव अब्राहम लिंकन. सदस्यांनी बेकायदा काही केले, असे ग्रीलींचे म्हणणे नव्हते; दोष नियमाचा होता. तथापि सभागृहात संतापाची लाट उसळली. तीन महिने ते सहकाऱ्यांच्या रोषाचे धनी झाले.

या प्रकरणाचे महत्त्व केवळ गमतीदार प्रसंगापुरते नाही. सभागृहात बसूनही ग्रीली बातमीदारच राहिले. विधिमंडळाचे कामकाज देवघेव, मौन आणि परस्परविश्वास यांवर चालते. वृत्तपत्राचे काम प्रकटीकरणावर. या दोन धर्मांतील विरोध येथे प्रथमच स्पष्ट झाला. वाचकांनी त्यांची वाहवा केली. सहकारी सदस्यांनी त्यांना कायमचे दूर ठेवले.

पक्षनेतृत्वाशी फारकत

१८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा मार्ग खुला केला. ‘ट्रिब्यून’ने या कायद्याविरुद्ध रान उठविले आणि त्यातून आकारास आलेल्या रिपब्लिकन पक्षाचा हिरिरीने पुरस्कार केला. याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या उपगव्हर्नरपदाची उमेदवारी ग्रीलींऐवजी त्यांचे एकेकाळचे साहाय्यक रेमंड यांना मिळाली. ११ नोव्हेंबर १८५४ रोजी ग्रीलींनी सेवर्ड यांना एक दीर्घ खासगी पत्र लिहून आपण या राजकीय भागीदारीतून बाहेर पडत असल्याचे कळविले. त्यात गेल्या अनेक वर्षांच्या उपेक्षेचा पाढा होता. तत्त्वनिष्ठ संपादकाच्या अंतरंगात पदाची आस किती खोलवर होती, याचा हा पुरावा होय.

१८६० च्या शिकागो अधिवेशनास ग्रीली ऑरेगॉन राज्याचे प्रतिनिधी म्हणून हजर राहिले. स्वतःच्या राज्याच्या प्रतिनिधिमंडळात वीड यांनी त्यांना स्थान दिले नव्हते. सेवर्ड यांना उमेदवारी मिळू नये, यासाठी त्यांनी रात्रंदिवस खटपट केली. त्यांची पसंती मिसुरीच्या एडवर्ड बेट्स यांना होती. प्रत्यक्षात लिंकन यांची निवड झाली. फेब्रुवारी १८६१ मध्ये सिनेटची जागा ग्रीलींना मिळण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा वीड यांनी आपली मते ऐनवेळी दुसऱ्या उमेदवाराकडे वळवून त्यांचा मार्ग रोखला.

यादवी युद्ध आणि लिंकन यांच्याशी संवाद

यादवी युद्धाच्या काळात ग्रीलींची भूमिका वारंवार बदलली, हा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे आणि तो निराधार नाही. लिंकन यांच्या निवडीनंतर, दक्षिणेतील राज्यांना खरोखरच संघराज्यातून बाहेर पडायचे असेल तर त्यांना शांततेने जाऊ द्यावे, असे ‘ट्रिब्यून’ने लिहिले. युद्ध सुरू झाल्यावर १८६१ च्या जून-जुलैमध्ये त्याच वृत्तपत्राने रिचमंडवर चढाई करण्याचा रोज घोष लावला. ती घोषणा ग्रीलींची नव्हती, सहकाऱ्यांची होती. परंतु २१ जुलै रोजी बुल रन येथे उत्तरेच्या सैन्याचा पराभव होताच सारा दोष त्यांच्या माथी आला. खचलेल्या मनःस्थितीत त्यांनी लिंकन यांना पत्र लिहून, विजय अशक्य वाटत असेल तर तह करावा, असे सुचविले.

असे असले तरी गुलामगिरीच्या निर्मूलनाबाबत त्यांचे योगदान निर्विवाद आहे. २० ऑगस्ट १८६२ रोजी त्यांनी ‘ट्रिब्यून’मध्ये लिंकन यांना उद्देशून अनावृत पत्र प्रसिद्ध केले. उत्तरेतील दोन कोटी जनतेच्या वतीने केलेली प्रार्थना, असे त्याचे स्वरूप होते. बंडखोरांच्या गुलामांना मुक्त करण्याची तरतूद संसदेने केली असता सेनाधिकारी तिची अंमलबजावणी करीत नाहीत, असा त्यांचा मुख्य आरोप होता. दोनच दिवसांनी लिंकन यांनी उत्तर दिले. संघराज्य वाचविणे हेच आपले प्रधान उद्दिष्ट असून गुलामगिरीबाबत जे काही केले वा टाळले जाईल ते त्याच उद्दिष्टासाठी, असा त्याचा आशय होता. वस्तुतः मुक्तीच्या घोषणेचा मसुदा लिंकन यांनी २२ जुलै रोजीच मंत्रिमंडळापुढे वाचला होता. त्यामुळे ग्रीलींच्या पत्राने लिंकन यांचा निर्णय घडविला, असे म्हणता येणार नाही. मात्र त्या पत्रामुळे लोकमत तयार होण्यास मदत झाली आणि लिंकन यांनाही आपली भूमिका जनतेपुढे मांडण्याची संधी मिळाली. २२ सप्टेंबर १८६२ रोजी प्राथमिक घोषणा झाली आणि १ जानेवारी १८६३ पासून ती अमलात आली.

सर्वशक्तिमान राष्ट्राध्यक्षाला एका संपादकास जाहीर उत्तर द्यावे लागते, ही घटना ग्रीलींच्या प्रभावाचा कळस होय. या वेळी त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. या प्रभावाची किंमतही त्यांना मोजावी लागली. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगली उसळल्या. त्या वेळी जमावाने कृष्णवर्णीयांवर अमानुष अत्याचार केले आणि ‘ट्रिब्यून’च्या इमारतीवरही हल्ला चढविला.

याउलट, राजनैतिक कामगिरी अंगावर घेताच ते अडचणीत आले. जुलै १८६४ मध्ये दक्षिणेचे काही प्रतिनिधी तहाच्या बोलण्यासाठी नायगारा येथे आले असल्याचे कळताच त्यांनी लिंकन यांच्याकडे आग्रह धरला. लिंकन यांनी ग्रीलींनाच तेथे पाठविले. प्रत्यक्षात त्या प्रतिनिधींकडे कसलेही अधिकारपत्र नव्हते. ग्रीलींची शोभा झाली.

जामीनकी आणि समेटाचे राजकारण

युद्धोत्तर काळात ‘सार्वत्रिक माफी आणि निःपक्ष मताधिकार’ हे ग्रीलींचे सूत्र होते. दक्षिणेच्या पराभूत नेत्यांना माफ करावे आणि त्याच वेळी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार द्यावा, अशी ही दुपदरी भूमिका होती. या सूत्राला अनुसरूनच १३ मे १८६७ रोजी त्यांनी रिचमंड येथे जेफरसन डेव्हिस यांच्या एक लाख डॉलरच्या जामीनकीवर इतरांबरोबर सही केली. दक्षिणेचे हे माजी अध्यक्ष दोन वर्षे खटल्याविना कैदेत होते. विनाखटला कैद हा अन्याय आहे, ही ग्रीलींची भूमिका तात्त्विक दृष्ट्या योग्य होती. परंतु ज्यांचे पुत्र युद्धात मरण पावले होते अशा वाचकांना ती सहन झाली नाही. साप्ताहिक ‘ट्रिब्यून’चे वर्गणीदार मोठ्या संख्येने गळाले. यादवी युद्धावरील त्यांच्या दोन खंडांच्या इतिहासग्रंथाची विक्रीही एकाएकी मंदावली. एका प्रतिष्ठित संस्थेने त्यांच्याकडे खुलासा मागण्याची तयारी केली, तेव्हा त्यांनी तिच्या सदस्यांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. येथपर्यंतचे ग्रीली लोकप्रियतेपेक्षा विवेकाला मानणारे आहेत.

यानंतर मात्र सूत्राचा पहिला भाग ठळक होत गेला आणि दुसरा पुसट. कृष्णवर्णीयांच्या मताधिकारास १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मान्यता मिळाली. आता त्यांनी शासनाच्या आधाराविना स्वकष्टाने वर यावे, असे ग्रीली सांगू लागले. १८७१ च्या दक्षिण दौऱ्यानंतर उत्तरेतून गेलेल्या राजकारण्यांच्या भ्रष्टाचारावर त्यांनी तीव्र टीका केली. टीकेत तथ्य होते. परंतु त्याच काळात दक्षिणेत कु क्लक्स क्लॅनचा दहशतवाद चालू होता आणि संघराज्याचे सैन्य हाच कृष्णवर्णीय मतदारांचा एकमेव आधार होता, या वास्तवाचे पुरेसे भान त्यांच्या लेखनात उरले नाही. १८६९ मध्ये राज्याच्या हिशेब-नियंत्रकपदाच्या व १८७० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला होता, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी लागते.

१८७२ ची निवडणूक

अध्यक्ष युलिसिस ग्रांट यांच्या कारभारातील गैरव्यवहारांना कंटाळलेल्या रिपब्लिकन सुधारणावाद्यांनी कार्ल शुर्झ यांच्या पुढाकाराने ‘लिबरल रिपब्लिकन’ पक्ष स्थापन केला. मे १८७२ मध्ये सिनसिनाटी येथे झालेल्या अधिवेशनात चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्स यांचे नाव आघाडीवर होते. तथापि सहाव्या फेरीत ग्रीली विजयी झाले. खुल्या व्यापाराच्या पुरस्कर्त्यांनी स्थापन केलेल्या पक्षाने संरक्षक जकातीचा देशातील सर्वांत कट्टर पुरस्कर्ता उमेदवार म्हणून निवडला, ही पहिली विसंगती. जुलैमध्ये बाल्टिमोर येथे डेमोक्रॅटिक पक्षानेही ग्रीलींनाच पाठिंबा दिला, ही दुसरी. ज्या पक्षावर त्यांनी तीस वर्षे शब्दांचे आसूड ओढले, त्याच पक्षाचे ते उमेदवार झाले. त्यांचेच जुने अग्रलेख शोधून काढून विरोधकांनी प्रचारात वापरले. ‘हार्पर्स वीकली’मध्ये टॉमस नास्ट यांनी त्यांचा पांढरा कोट, टोपी आणि चष्मा यांवर जहाल व्यंगचित्रे काढली. सुधारणेचा एक प्रमुख मुद्दाही हातून निसटला. कारण मे १८७२ मध्येच माफीचा कायदा होऊन दक्षिणेतील बहुसंख्य नेत्यांवरील निर्बंध उठले होते.

कृष्णवर्णीय समाजापुढे या निवडणुकीने कठीण प्रश्न उभा केला. एकीकडे त्यांच्या मुक्तीसाठी लेखणी झिजविणारा संपादक होता आणि सिनेटर चार्ल्स समनर यांच्यासारखा जुना मित्र त्याला मत देण्यास सांगत होता. दुसरीकडे त्या संपादकाच्या पाठीशी कालचे गुलाममालक उभे होते. फ्रेडरिक डग्लस यांनी ग्रांट यांची बाजू घेतली व कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्येने त्यांच्याबरोबर गेले. ग्रीलींचा हेतू त्यांनी नाकारला नसेल. पण हेतूपेक्षा संगत आणि परिणाम पाहून त्यांनी निर्णय घेतला. स्वतःच्या हक्कांचे मोल ज्यांना रक्ताने ठाऊक होते, त्यांचा हा निवाडा इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने घेतला पाहिजे.

प्रचाराच्या अखेरीस पत्नी मेरी मरणासन्न असल्याने ग्रीली तिच्या उशाशी बसून राहिले. ३० ऑक्टोबर रोजी तिचे निधन झाले. त्यांच्या सात अपत्यांपैकी पाच बालपणीच गेली होती. ५ नोव्हेंबरच्या मतदानात ग्रांट यांना सुमारे ५६ टक्के, तर ग्रीलींना सुमारे ४४ टक्के मते मिळाली. जॉर्जिया, केंटकी, मेरीलँड, मिसुरी, टेनेसी आणि टेक्सास ही सहाच राज्ये त्यांच्या वाट्याला आली. ती सर्व पूर्वी गुलामगिरी असलेली राज्ये होती. ज्या उत्तरेत त्यांचे साप्ताहिक घरोघरी वाचले जाई, तेथील एकही राज्य त्यांना मिळाले नाही.

पराभवानंतर ग्रीली संपादकपदावर परतले. परंतु आता वृत्तपत्राची सूत्रे व्हाइटलॉ रीड यांच्या हाती गेली होती. त्यांच्या परोक्ष छापल्या गेलेल्या एका लेखाचा इन्कार करणारा त्यांचा मजकूरही ‘ट्रिब्यून’मध्ये छापला गेला नाही. ज्या वृत्तपत्रात मार्क्सना जागा होती, तेथे संस्थापकालाच जागा उरली नाही. शरीर व मन खचून २९ नोव्हेंबर १८७२ रोजी त्यांचे निधन झाले. निर्वाचकांची मते नोंदविली जाण्यापूर्वीच उमेदवाराचा मृत्यू होण्याचा हा प्रसंग अभूतपूर्व होता. त्यांच्या वाट्याच्या ६६ निर्वाचकांपैकी ६३ जणांनी इतर व्यक्तींना मते दिली. जॉर्जियातील तिघांनी मृत ग्रीलींनाच मत दिले आणि संसदेने ती मते ग्राह्य धरली नाहीत. अंत्यविधीस अध्यक्ष ग्रांट उपस्थित होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतील सदाचारी लोकांनी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल आदर म्हणून जोतीरावांनी तो त्यांनाच अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीच्या कामी त्या उदाहरणाचे अनुकरण करावे, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली. ज्या लोकमताने ही मुक्ती शक्य केली, त्याच्या घडणीत ग्रीलींच्या वृत्तपत्राचा वाटा मोठा होता. तथापि ही अर्पणपत्रिका लिहिली जात असताना अमेरिकेत त्या निर्धाराला ओहोटी लागली होती. १८७७ मध्ये दक्षिणेतील उरल्यासुरल्या राज्यसरकारांना असलेला सैन्याचा आधार काढून घेण्यात आला आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढे अनेक दशके नाममात्र राहिला. गोऱ्यांतील समेटाची जी भाषा ग्रीलींनी १८७२ मध्ये वापरली, ती निवडणुकीत हरली, पण पाच वर्षांत धोरण म्हणून जिंकली. मुक्ती कायद्याने मिळाली तरी तिचे रक्षण सातत्याने करावे लागते, हा जोतीरावांच्या विचारातील आग्रह या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण ठरतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, ग्रीलींचा प्रभाव त्यांच्या स्वतंत्र वाणीतून निर्माण झाला होता, पक्षातील स्थानातून नव्हे. प्रवासभत्त्याची यादी आणि १८६२ चे अनावृत पत्र ही त्याची ठळक उदाहरणे होत. हा प्रभाव पदात रूपांतरित करण्याचा प्रत्येक प्रयत्न मात्र फसला. वाचक संपादकाशी वाद घालत त्याचे ऐकतो. तो त्याचा अनुयायी असतोच असे नाही.

दुसरा, वृत्तपत्राच्या मालकीचा प्रश्न दुय्यम नसतो. सहकाऱ्यांना वाटा देण्याचे ग्रीलींचे धोरण उदात्त होते; परंतु संपादकीय स्वातंत्र्याच्या रक्षणाची कोणतीही व्यवस्था त्यासोबत केली गेली नाही. परिणामी स्वतःच्याच वृत्तपत्रात त्यांचा शब्द अखेरीस चालेनासा झाला.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, समेट हे मूल्य असले तरी तो कोणाच्या खर्चाने होतो, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. डेव्हिस यांच्या जामीनकीवर सही करताना ग्रीलींनी किंमत स्वतः मोजली. म्हणून ती कृती आदरास पात्र ठरते. १८७२ मधील समेटाची किंमत मात्र ज्यांना नुकतेच स्वातंत्र्य मिळाले होते त्यांना मोजावी लागणार होती. या दोन कृतींतील भेद ओळखला, तर ग्रीलींच्या जीवनातील थोरवी आणि मर्यादा या दोन्हींचे न्याय्य मूल्यमापन करता येते.